एका पत्त्यावर एकशे त्रेसष्ट

मेक्सिकोतल्या मोरेलिया शहरात, सान अगुस्तीन चौकामागच्या पॅसेजात आज गेलात तर मोबाइलची कव्हरं विकणारे चौदा गाळे दिसतील, आणि चौदाही गाळ्यांत तीच ती कव्हरं. गुरुवारची गर्दी कुठे गेली म्हणून विचाराल तर तिथली पोरं नुसती तोंडाकडे बघत राहतील. त्यांचा तरी काय दोष म्हणा, त्यांनी तो काळ पाहिलाच नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी गुरुवारी सकाळी दहाला अम्पारो सेन्देहासच्या गाळ्यापुढे पाय ठेवायला जागा नसायची. बँकेतला कारकून, बेकरीवाला, दोन मास्तर, दातांची डॉक्टरीण, कॉम्बी गाड्या चालवणारे तिघे-चौघे, सगळे हातात गास्पाचोचे पेले घेऊन उभे. बारीक चिरलेला आंबा, अननस, हिकामाचा गोडसर कंद, वर संत्र्याचा रस, किसलेलं चीज आणि सढळ हाताने तिखट. ते खात खात मंडळी ताटकळायची, अम्पारो चष्मा पुसून वाचायला लागेपर्यंत. वाचायची काय? तर अर्जेंटिनाच्या दुकानात या आठवड्यात कुठकुठल्या गेमचे भाव उतरले, त्याची यादी.

आता तुम्ही म्हणाल, मोरेलिया कुठे, अर्जेंटिना कुठे! पण गेम डब्यातून घरी यायचे ते दिवस संपले होते. गेम इंटरनेटवरच्या दुकानातून थेट यंत्रात उतरायचा. कंपनी एकच (नाव कशाला घ्या, फुकटची जाहिरात), पण देशागणिक तिच्या दुकानाचा दरवाजा वेगळा आणि भावही वेगळा. मेक्सिकोच्या दरवाज्याने गेलं तर जो गेम माणसाचा आठवड्याचा पगार खायचा, तोच अर्जेंटिनाच्या दरवाज्याने दीड-दोन दिवसांच्या कमाईत पदरात पडायचा. तिथल्या चलनाची रोज घसरगुंडी चाललेली, आणि कंपनी भाव बदलायला आळशी. आपण एवढंच सांगायचं, की आम्ही अर्जेंटिनात राहतो.

हे ज्ञान पॅसेजात आणलं फाउस्तोने. फाउस्तो नारिंगी मार्गावरची कॉम्बी चालवायचा, आणि गाडी भरेपर्यंतच्या वेळात हातातल्या यंत्रावर गेम खेळायचा. अम्पारोचे तेव्हा वाईट दिवस चालले होते. नव्वद सालच्या सुमाराला तिने गाळा घेतला तो गेमच्या कॅसेटी विकायला आणि कंट्रोलर दुरुस्त करायला. कंट्रोलर कानाशी धरून हलवला की आत काय सुटलंय ते तिला कळायचं, असा तिचा हात. पण कॅसेटी गेल्या, मग चकत्या आल्या, त्याही गेल्या, आणि ठेंगणी, चष्म्याला दोरी असलेली पण तोंडाला लगाम नसलेली ही बाई रिकाम्या गाळ्यात माश्या मारत बसली. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, सवडच झाली नाही. सगळा पॅसेज जिला मानाने ‘दोन्या’ म्हणायचा, अशा या बाईला फाउस्तोने सांगितलं की लोकांना अर्जेंटिनाची खाती उघडून द्या, लोक दुवा देतील आणि हातावर काहीतरी ठेवतीलही.

पहिलं खातं फाउस्तोचंच उघडायचं ठरलं. नाव लिहून झालं, जन्मतारीख झाली, आणि मग पडद्यावर चौकोन आला तो पत्त्याचा. अर्जेंटिनातला पत्ता हवा. फाउस्तो म्हणाला, त्यात काय, ठोका काहीही. सगळे तेच करतात. कुणी ब्वेनोस आइरेसचं फुटबॉल मैदान लिहितात, कुणी मोठं हॉटेल लिहितात, एका बहाद्दराने तर थेट राष्ट्राध्यक्षांचं घर लिहिलं होतं. अम्पारोने कळफलकावरून हात उचलला.

"खोटा पत्ता मी लिहिणार नाही."

"दोन्या अम्पारो, मी तिथे राहत नाही म्हटल्यावर कुठलाही पत्ता खोटाच की."

"राहत नाहीस हे तुझं खोटं. घर तरी खरं असू दे."

असली ही बाई. फाउस्तोने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी तिने घरून एक जुनं पाकीट आणलं, परदेशी तिकिटाचं, कडा पिवळ्या पडलेलं, आणि त्याच्या मागे लिहिलेला पत्ता अक्षर न् अक्षर बघून चौकोनात भरला. रोसारियो शहर, रिओबाम्बा रस्ता, घर नंबर, पोस्टाचा नंबर, सगळं. कुणाचं घर म्हणून फाउस्तोने विचारलं तर, होती एक ओळखीची, एवढंच बोलून तिने पाकीट पर्समध्ये टाकलं. पुढे जो कोणी आला त्याचं खातं त्याच पत्त्यावर. पाच वर्षांत रोसारियोच्या त्या एका घरात मोरेलियाची एकशे त्रेसष्ट माणसं राहायला गेली. त्यात एक अम्पारो स्वतः, अगदी सुरुवातीपासून. तिला लढाया-बिढाया आवडत नसत. आगगाडीचे रूळ टाकायचा एक गेम होता, तो ती रोज गाळा उघडण्यापूर्वी अर्धा तास खेळायची, आणि पाच वर्षं खपून तिने त्यात अख्खा देश रुळांनी जोडत आणला होता.

ती ओळखीची कोण, ते आता सांगायला हवं. ऐंशी-एक्क्याऐंशी साली एका मासिकात पत्रमैत्रीचं पान यायचं. तेरा-चौदा वर्षांच्या अम्पारोने त्यातून एक नाव निवडलं, नेलिदा ओत्ताव्यानो, वय पंधरा, आवड संगीत. पाच वर्षं पत्रं चालली. नेलिदाने लिहिलं, मला गाणं फार आवडतं पण घरी वाद्य नाही. आणि अम्पारोला काय बुद्धी झाली कोण जाणे, तिने उत्तर लिहिलं, आमच्याकडे पियानो आहे. एकदा पियानो आला म्हटल्यावर तो ठेवायला दिवाणखाना आला, दिवाणखान्यापुढे अंगण आलं, अंगणात कारंजं आलं. खरं काय होतं, तर किरोगाला जाणाऱ्या रस्त्यावर वडिलांचं टायर-पंक्चरचं दुकान आणि त्यामागे दोन खोल्या. शाळेतून आली की अम्पारो ट्यूबा पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायची. पत्रांवर पत्ता तेवढा खरा लिहायची, नाहीतर उत्तर कसं आलं असतं?

मग आलं शहाऐंशी साल. विश्वचषक मेक्सिकोत. एप्रिलमध्ये नेलिदाचं पत्र आलं, की बाबांनी तिकिटं काढलीत, मीही येतेय, एक दिवस मोरेलियाला येऊन तुझा पियानो ऐकणार. अम्पारोची पाचावर धारण बसली. एकोणीस वर्षांची पोर ती, रात्रंदिवस एकच विचार, हिला कारंजं कुठून दाखवू? शेवटी तिने सर्वांत सोपं ते केलं. उत्तरच पाठवलं नाही. उत्तर नाही म्हणजे कुणी येणार नाही, असा हिशेब. जून गेला, विश्वचषक अर्जेंटिनाने नेला, कुणी आलं नाही, आणि रोसारियोहून पत्रही कधी आलं नाही. ही गोष्ट तिने आयुष्यात कुणाला सांगितली नव्हती. पण त्यानंतर तिच्या तोंडून कुणी खोटं ऐकलं नाही, हेही खरं.

इकडे पॅसेजातली मजा हळूहळू विरत गेली. आधी अर्जेंटिनाच्या सरकारने कर वाढवले, मग कंपनी जागी झाली आणि तिने सगळे भाव डॉलरात लावले. गुरुवारची यादी वाचण्यात अर्थ उरला नाही. तरी काही महिने मंडळी सवयीने यायची, गास्पाचो खायची आणि जुन्या भावांच्या आठवणी काढत बसायची. अमुक गेम मला एका कॉफीच्या पैशात मिळाला होता, तमुक तर फुकट म्हणावा असा. गड जिंकल्यासारखे सांगायचे. मग तेही थांबलं. पण घेतलेले गेम तर जागेवर होते ना. कुणाचे चाळीस, कुणाचे शंभर. नव्याने घ्यायची कुणाची ऐपत नव्हती, त्यामुळे जे होतं ते जिवापाड जपायचं.

आणि चोवीस सालच्या मार्चमध्ये कंपनीचा निरोप आला. आमच्या लक्षात आलं आहे की काही ग्राहक दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत. म्हणून प्रत्येक पत्त्यावर पोस्टाने एक कोड पाठवत आहोत. पंचेचाळीस दिवसांत, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या (म्हणजे मोरेलियातल्या बाराच्या) आत तो खात्यात भरा, नाहीतर खातं बंद. गेमसकट.

शहरभर रडारड. ज्यांनी मैदान लिहिलं होतं, हॉटेल लिहिलं होतं, ते तिथल्या तिथे संपले. त्यांचे कोड कुठल्या केराच्या टोपलीत गेले देव जाणे. अम्पारोचे एकशे बासष्ट मात्र एकामागून एक गाळ्यावर येऊन उभे राहिले. त्यांचा तिच्यावर भरवसा. दोन्या अम्पारोने लिहिलेलं घर खरं आहे, तिथे तिची ओळखीची बाई आहे, मग काळजी कसली? बेकरीवाला क्रेसेन्सियो तर कोंचाची, म्हणजे गोड पावांची, पिशवीच घेऊन आला, आणि म्हणाला की वडील गेल्यापासून संध्याकाळी भावाबरोबर खेळतो तेवढाच आनंद आहे, तो घालवू नका. अम्पारोने मान हलवली. पण पिशवी तिने न उघडताच कोपऱ्यात ठेवून दिली.

कारण कोड जिच्या दारात पडणार होते तिला तिने अडतीस वर्षांपूर्वी तोंडावर पाडलं होतं. ती तिथे राहत होती की नाही, जिवंत होती की नाही, हेही माहीत नाही. दहा दिवस अम्पारोने नुसते घालवले. नेलिदा ओत्ताव्यानो नावाच्या बाया इंटरनेटवर शोधल्या, त्यातली एकही ती वाटली नाही. मग फाउस्तोने एक दिवस गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढलं आणि दम भरला, की दोन्या, आज पत्र लिहायचंय, त्याशिवाय मी हलत नाही, माझी कॉम्बी गेली खड्ड्यात. तीन कागद फाडून चौथा जमला. नेलिदा, तुझ्या घरी बऱ्याच पाकिटांचा ढीग आला असेल. फेकू नकोस. आतले आकडे मला हवे आहेत. स्वस्तात गेम मिळावेत म्हणून मी माझ्या लोकांची खाती तुझ्या पत्त्यावर उघडली, तुला न विचारता. माफ कर. खाली फोन नंबर. शहाऐंशी सालाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. पत्र कुरियरने गेलं.

उत्तर यायला अठ्ठाविसावा दिवस उजाडला. फोन आला तेव्हा गाळ्यात चौघं होती, आणि चौघांनीही अम्पारोचा चेहरा पांढरा पडताना पाहिला. पलीकडून बाईचा जाड, थकलेला आवाज आला. ती नेलिदाच होती. त्याच घरात राहत होती, एकटी, पाणीपुरवठा कचेरीतून निवृत्त झालेली. पाकिटं पोत्याने आली होती, आणि तिने सगळ्यांवर "इथे राहत नाही" असं लिहून पोस्टमनला परत द्यायची तयारीही केली होती. पण वरून चौथं पाकीट अम्पारो सेन्देहास या नावाचं निघालं, म्हणून तिने धुण्याच्या टोपलीत सगळी भरून ठेवली.

अम्पारोचा जीव भांड्यात पडला. तिने चाचरत विचारलं, कुणाकडून तरी फोटो काढून पाठवता येतील का, म्हणजे एका दमात काम होईल. नेलिदा म्हणाली, माझा फोन तारेचा आहे आणि माझे डोळे कामातून गेलेत. रोज दहा वाचून दाखवीन. लिहून घे.

एकशे त्रेसष्ट पाकिटं, रोज दहा, दिवस उरलेले सतरा. म्हणजे शेवटच्या दिवशी तीन, आणि तेही बाराच्या आत. एक दिवस फोन बिघडला तर दहा माणसं बुडाली. मंडळी अस्वस्थ झाली. अख्ख्या रिओबाम्बा रस्त्यावर एक फोटो काढणारा मिळू नये का, असं बँकेतला कारकून नाक मुरडून म्हणाला. अम्पारोला ते कळत नव्हतं थोडंच? पण कुठल्या तोंडाने घाई करणार होती ती?

तर रोज सकाळी दहाला अम्पारो फोन लावायची. त्या दिवशी ज्यांचे नंबर असतील ते स्टुलांवर रांगेने बसायचे, कुणीतरी गास्पाचो आणायचं, आणि बघता बघता गाळ्याला जुन्या गुरुवारांची कळा आली. नेलिदाची एक तऱ्हा होती. पाकीट फोडायच्या आधी ती नाव वाचायची आणि विचारायची, हा कोण गं? मग अम्पारोने तो कोण ते सांगायचं, त्याशिवाय कोड नाही. क्रेसेन्सियोचं नाव आलं तेव्हा अम्पारोने सांगितलं की हा बेकरीवाला, याच्या पिठाच्या हातांनी माझे तीन कंट्रोलर चिकट झालेत, तरी याला फुटबॉलचाच गेम हवा. मोठ्या मास्तरांचं नाव आलं तेव्हा सांगितलं की हे पहिल्यांदा आले ते नातवासाठी म्हणून आले, नातू अजून जन्मायचाय. एक नाव आलं ते दोन वर्षांपूर्वी वारलेल्या रेल्वेतल्या माणसाचं. अम्पारो म्हणाली, हा फार हळू खेळायचा, आणि गेम संपत आला की मुद्दाम पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. नेलिदाने तोही कोड नीट दोनदा वाचला. त्याची बायको स्टुलावर बसली होती, तिने तो हातावर लिहून घेतला.

हळूहळू कोडांपेक्षा गप्पाच जास्त व्हायला लागल्या. गुडघे, रक्तदाब, तिकडची महागाई, इकडची महागाई. नेलिदा तिकडच्या रिवाजाने प्रत्येक वाक्याला "चे" लावायची, आपण "अगं" लावतो तसं, आणि स्टुलांवरची मंडळी तिची नक्कल करायची, ती तिला ऐकू जायची, आणि तीही हसायची. अम्पारो घरी जाताना स्वतःशीच हसायची असं पॅसेजच्या चौकीदाराने पाहिलंय. पण एका गोष्टीला दोघी शिवत नव्हत्या. पियानोचं नाव नाही, शहाऐंशी सालाचं नाव नाही. रोज फोन ठेवताना अम्पारोला वाटायचं, आज सांगायचं होतं. आणि रोज तिच्या तोंडाला कुलूप.

सतरावा दिवस उजाडला. उरलेली तीन पाकिटं म्हणजे डॉक्टरीण, फाउस्तो आणि अम्पारो. दहाला फोन लावला, कुणी उचलेना. साडेदहाला उचलेना. अकराला डॉक्टरीण रडकुंडीला आली आणि फाउस्तो गाळ्यापुढे येरझाऱ्या घालायला लागला. साडेअकराला एकदाचा फोन उचलला. नेलिदाने कारण काहीच सांगितलं नाही, नुसतं म्हणाली, बसले होते फोनपाशीच. डॉक्टरीण कोण ते सांगून झालं, तिचा कोड भरला. फाउस्तो कोण ते तर नेलिदाला सतरा दिवसांत पाठच झालं होतं, त्याचाही भरला. पडद्यावर हिरवी खूण उमटली तशी फाउस्तोने अम्पारोच्या डोक्याची पापी घेतली आणि धावला, त्याची कॉम्बी रस्त्यात आडवी उभी होती. डॉक्टरीणही गेली. गाळ्यात अम्पारो एकटी उरली. बाराला पंधरा कमी होते.

"शेवटचं पाकीट," नेलिदा म्हणाली. "नाव अम्पारो सेन्देहास. ही कोण गं?"

एकशे बासष्ट माणसं अम्पारोने धडाधड सांगितली होती. आता पाळी स्वतःची होती. हसण्यावारी नेता आलं असतं. पलीकडे पाकीट अजून फोडलेलं नव्हतं. मग तिने डोळे मिटले.

"किरोगाच्या रस्त्यावर एक टायरवाला होता, त्याची मुलगी. मागे दोन खोल्या. पियानो नव्हता, नेलिदा. अंगण नव्हतं, कारंजं नव्हतं. पियानो मी चर्चमध्ये लांबून पाहिलेला. तू येणार म्हणालीस आणि मी घाबरले. म्हणून उत्तर दिलं नाही."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"टायरचं. मी आले होते, चे."

अम्पारो स्टुलावर बसली. नेलिदा सांगत गेली, तुटक तुटक, मधेच थांबून. बापलेक सामना बघून बसने मोरेलियाला आले होते. उत्तर आलं नाही म्हणजे पत्र गहाळ झालं असेल, असं तिला वाटलेलं. स्टँडवर टॅक्सी केली, पत्ता दाखवला. टॅक्सी थांबली ती टायरच्या दुकानासमोर. नेलिदा म्हणाली, चुकलं असेल. वडिलांनी दारावरचा नंबर वाचला, तो बरोबर होता. आत एक मुलगी कोपरापर्यंत काळे हात घेऊन ट्यूब पाण्यात बुडवत होती, आणि एका ट्रकवाल्याने तिला अम्पारो म्हणून हाक मारली. वडील गमत्या माणूस. त्यांनी टॅक्सीवाल्याला सांगितलं, चाकात हवा भरून घे. मुलगी नळी घेऊन आली आणि मागच्या चाकापाशी उकिडवी बसली. त्याच बाजूच्या खिडकीत नेलिदा होती.

"हात लांब केला असता तर तुझ्या डोक्याला लागला असता," ती म्हणाली.

"मग उतरली का नाहीस?"

"राग आला होता. पाच वर्षं मी सगळ्या शाळा-कॉलेजला सांगत होते, माझी मैत्रीण पियानो वाजवते. बाबा म्हणाले, उतर, पोरीला मिठी मार. मी म्हटलं, चला इथून. स्टँडला पोचेपर्यंत राग गेला होता. पण परत फिरायची लाज वाटली. ती लाज अडतीस वर्षं पुरली बघ."

अम्पारोने ती टॅक्सी आठवायचा फार प्रयत्न केला. त्या उन्हाळ्यात शेकडो टॅक्सींच्या चाकांत तिने हवा भरली होती. त्यातल्या एकीच्या खिडकीत कोण होतं, ते वर मान करून बघायचं तिला सुचलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

नेलिदाच आधी भानावर आली. अगं, तुमच्याकडे बाराला चार कमी, म्हणाली, आणि पाकीट फाटल्याचा आवाज आला. "लिही. पेन आहे ना?"

पेन हातात होतं. पडद्यावर रिकामा चौकोन उघडा होता, आणि त्यामागे तिची पाच वर्षं, रूळ, पूल, बोगदे. अम्पारो त्याकडे बघत होती, पण डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. वडील गेले, आई गेली, दुकान पाडून तिथे रस्ता रुंद झाला. त्या वयातला तिचा एकही फोटो नव्हता, टायरवाल्याच्या घरी कॅमेरा कुठला असणार? एकोणीस वर्षांच्या अम्पारोला नीट निरखून पाहिलेलं माणूस या जगात आता एकच उरलं होतं, आणि ते फोनवर होतं. तिने पेन खाली ठेवलं.

"राहू दे ते. आधी सांग, मी तेव्हा कशी दिसत होते?"

"कोड जाईल ना गं."

"जाऊ दे. सांग."

"केस रुमालात बांधलेले," नेलिदा म्हणाली. "नाकाला काळं लागलेलं. हवा भरताना तू तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होतीस. झाल्यावर उठलीस आणि बाबांकडे बघून हसलीस. इतकी छान दिसत होतीस, म्हणून तर जास्त राग आला."

कॅथेड्रलच्या घंटेचे बारा ठोके पडत होते तेव्हा अम्पारो विचारत होती, रुमाल कुठल्या रंगाचा होता.